को म्हणजे राव

पावतीवर नाव काय लिहू, मी विचारलं.
तोंडात कापूस. त्यानेच पेन घेतलं,
आणि माझगावच्या आमच्या दवाखान्यात
रेघ संपली तरी नाव संपेना:
रोदेल लिमचियोको.

जहाज गोदीत अकरा दिवस अडकलेलं,
दाढेचं दुखणं त्याहून जुनं.
पप्पांनी आधी त्याचे डोळे पाहिले, मग दात,
आणि खूप वर्षांनी चिनीत काहीतरी विचारलं.
तो आपल्या आजीच्या चिनीत काहीतरी बोलला.
दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळेना.
शेवटी पप्पांनी गालावर हात ठेवून
तोंड वाकडं केलं.
तेवढं कळलं.

मग बर्फ लावून बाकावर बसला
आणि मोडक्या इंग्रजीत नाव सोलून दाखवलं,
वाटाण्याची शेंग सोलावी तसं.
लिम हे आडनाव. चियो हे नाव.
को म्हणजे मोठा भाऊ, मानाने म्हणायचं.
म्हणजे राव, मी मनात म्हटलं. चियोराव.
आजोबा मनिलाच्या धक्क्यावर उतरले,
कारकुनाने अख्खा माणूस एका दमात लिहिला,
तेव्हापासून घरातल्या लेकी, नातू,
वरच्या मजल्यावरची भांडकुदळ आत्यासुद्धा
चियोराव.

मी मेइ-लान. शाळेच्या हजेरीत मालन.
तुंग म्हणजे पवन मावळातले का गं, बाईंनी विचारलेलं.
मी हो म्हटलं.
सहलीत तो गड लांबून दाखवला
तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता,
आणि खोटं कशाला बोलू,
मला वर चढून आल्यासारखं वाटलं.

आई चिपळूणची. तिची वालाची उसळ
पप्पा काड्यांनी खायचे, एकेक बिरडं उचलून.
बासष्ट साली त्यांना पंधरवड्याला चौकीत सही.
आई बरोबर जायची, नथ घालून,
लग्नाला निघाल्यासारखी.
हे मी रोदेलला सांगितलं नाही.
नथीला इंग्रजीत काय म्हणतात, तिथेच अडले.

त्याच्या खिशात एक कादंबरी, मुखपृष्ठ फाटलेलं.
हिच्यात चिनी आहे?
आहे की. दुकान, उधारीची वही.
तिसऱ्या प्रकरणात मरतो.
मुलंबाळं?
वही असते, तो म्हणाला.
तुमच्या गोष्टींत?
मी आठवून पाहिलं. एक वेणीवाला, रेशीम विकणारा.
एक हेर. बाकी सगळं गाडीवरच्या कढईत.

मी लिहिते, मी म्हटलं. पहिल्यांदाच, कुणालातरी.
दिवाळी अंकाला पाठवली होती एक कथा,
मामीची, आणि पुरात वाहून गेलेल्या
तिच्या शिवणयंत्राची.
परत आली. भाषा छान आहे,
पण तुमच्या समाजातलं काही येऊ द्या.
मामी कुणाच्या समाजातली,
हे विचारायचं राहूनच गेलं.
आपलेच दात, आपलेच ओठ.

रोदेल हसला, अर्ध्या तोंडाने.
उरलेलं अर्धं अजून बधिर होतं.

निघताना पप्पांनी पावतीच्या मागे
एक अक्षर काढलं, शेजारी शेजारी दोन झाडं.
लिम, म्हणाले. त्यांच्या उच्चारात लिन.
त्याला वाचता येत नव्हतं,
पण बोट ठेवून म्हणाला, हे पाहिलंय.
आजोबांच्या थडग्यावर.
मला वाटायचं, सावलीसाठी कोरलंय.

दाढ कागदात बांधून मागितली त्याने.
डॉलर सुटे नव्हते, ते तसेच राहिले.

त्या रात्री पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर
मी सुरुवात केली:
चियोराव शिवणयंत्र दुरुस्त करायला बसले.
मामी आतून म्हणाली, चहात दूध घालू ना?
इथवर आलं होतं,
तेवढ्यात पप्पा म्हणाले, दिवा मालव आता.
चिनीत म्हणाले की मराठीत,
कितीदा आठवून पाहिलं.